मागणी आली, पण गिऱ्हाइकाचा पत्ता कुठे आहे?

माल पिकविणे जितके कठीण तितकेच तो चार पैसे राखून विकणे कठीण, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावयास नको. आपल्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिके. रिसोड-वाशीमकडे हळद होते, आणि अलीकडे रब्बीत चियानेही बस्तान बसविले आहे. यातला बहुतेक माल बाजार समितीच्या आवारात जातो, आणि लिलावात निघेल तो भाव पदरात घेऊन आपण घरी येतो. परंतु आता काही महिला बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या घरच्या तुरीची डाळ, हळदपूड, चिया, पापड असा माल पाकिटात भरून इंटरनेटवरच्या स्वतःच्या दुकानातून थेट खाणाऱ्याला विकू लागल्या आहेत. ही गोष्ट चांगलीच आहे. मात्र नवे औत आणले की त्याची नवी दुखणीही येतात. त्यातल्याच एका दुखण्याविषयी आज लिहावयाचे आहे.

धरून चाला, मंगरूळपीर तालुक्यातील एका महिला गटाच्या दुकानावर पुण्याच्या एका गृहिणीने पाच किलो तूरडाळ आणि दोन किलो हळद मागविली. पैसे आगाऊ भरले. सकाळी गटाच्या फोनवर मागणीचे ईमेल आले. मालाचे नाव बरोबर, वजन बरोबर, रक्कम बरोबर. पण खाली जिथे गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता आणि फोन नंबर असावयास हवा तिथे कोरी जागा! डाळ भरून तयार आहे, पैसे बँकेत जमा आहेत, पण पार्सल पाठवावयाचे कोणाला? आठ दिवस उलटले की तिकडे ती बाई म्हणणार, "पैसे घेतले आणि माल बुडविला." गटातील बायांनी वर्षभर राबून मिळविलेली पत एका कोऱ्या जागेपायी जावयाची.

हे दुखणे असाध्य नाही. पण उपचार करण्यापूर्वी रोग कुठे आहे हे ओळखले पाहिजे. पान पिवळे दिसले की लगेच युरियाची गोणी फोडणारा शेतकरी पैसे वाया घालवितो, तसेच येथेही आहे.

दुखणे जुनेच आहे

दूरच्या गिऱ्हाइकाला घरबसल्या माल पाठविणे हे काही आजचे नाही. आपल्याकडे टपाल खात्याची व्ही. पी. ची सोय १८७७ सालापासून होती. पोस्टमन पार्सल देई, पैसे घेई आणि ते विक्रेत्याकडे पोहोचत. पुस्तके, बियाणे, औषधे अशी कितीतरी वस्तू त्या मार्गाने खेड्यापाड्यांत आली. त्याही काळी कार्डावर पत्ता अपुरा असला की पार्सल फिरून परत येई आणि जाण्यायेण्याचा टपालखर्च विक्रेत्याच्या बोकांडी बसे.

एकाच नावाची गावे हा तर मोठाच घोटाळा. आपल्या जिल्ह्यापुरतेच पाहा. मालेगाव हे वाशीम जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, आणि नाशिक जिल्ह्यातही मालेगाव आहेच. कारंजा लाड आपले, तर कारंजा घाडगे वर्धा जिल्ह्यातले. शिरपूर जैन आपल्या मालेगाव तालुक्यात, तर दुसरे शिरपूर धुळे जिल्ह्यात. त्यातून १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा निघाला. त्यामुळे जुन्या वह्यांत व बिलांवर अजून कोठे कोठे 'जि. अकोला' असे लिहिलेले सापडते.

या घोटाळ्यावर तोड काढली ती एका मराठी माणसानेच. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सहा आकडी पिनकोडची योजना आखली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ पासून देशभर सुरू झाली. पिनचा पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन आकडे मिळून टपाल वाटणीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन आकडे नेमके पोस्ट ऑफिस दाखवितात. वाशीमचा पिन ४४४५०५, कारंजा लाडचा ४४४१०५. नाशिककडील मालेगावचा पिन ४२३२०३ आहे, म्हणजे पहिल्या तीन आकड्यांवरूनच ते मालेगाव आपले नव्हे हे कळते. मात्र एका पिनखाली अनेक गावे येतात, तेव्हा पिन असला तरी गावाचे नाव, पोस्ट आणि तालुका लागतोच.

हे सांगण्याचे कारण असे की, इंटरनेटवरच्या दुकानातील पत्त्याच्या तयार नमुन्यात बहुधा राज्य, शहर आणि पिन एवढ्याच जागा असतात. तालुका आणि जिल्हा यांना जागाच नसते. गिऱ्हाइकाने शहराच्या जागी नुसते 'मालेगाव' लिहिले आणि पिन गळाला, तर १९७२ च्या आधीचा घोटाळा पुन्हा आपल्या दारात उभा राहतो.

ईमेल ही नक्कल, अस्सल वही वेगळी

आता मुद्द्याकडे वळू. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की, मागणीचे जे ईमेल आपल्याला येते ती नुसती नक्कल असते. अस्सल नोंद दुकानाच्या वहीत असते. गिऱ्हाईक दुकानाच्या पानावर एक अर्ज भरते, अर्जातील मजकूर वहीत चढतो, आणि वहीतून उतरवून घेऊन ईमेल तयार होते. अशा तीन पायऱ्या आहेत: अर्ज, वही आणि पत्र.

तिफणीचे उदाहरण घ्या. पेरणीनंतर पाच-सहा दिवसांनी एक तास रिकामे दिसले तर आपण काय म्हणतो? चाड्यात बी पडलेच नाही, की नळी तुंबली, की बी जमिनीत पडूनही उगवले नाही? तीन ठिकाणे, तीन कारणे आणि तीन वेगळे उपाय. चाड्यात बीच नसेल तर नळी साफ करून काय उपयोग? ईमेलमधील कोऱ्या जागेचेही तसेच आहे.

म्हणून पहिले काम एकच. दुकानाच्या कारभाराच्या पानावर जाऊन 'ऑर्डर्स' उघडावे आणि ती मागणी नंबराने काढून पाहावी. तिथे नाव, पत्ता, फोन दिसतो काय?

दिसत असेल तर जीव भांड्यात पडला म्हणावयाचे. माल त्याच दिवशी रवाना करावा. दोष पत्रात आहे, तो सवडीने काढता येईल.

वहीतही जागा कोरी असेल तर दोष बहुधा अर्जात आहे. तिथे पत्राचा नमुना कितीही दुरुस्त केला तरी पत्ता येणार नाही, कारण तो गिऱ्हाइकाला विचारलाच गेला नाही किंवा लिहिलेला वहीत पोहोचलाच नाही.

एवढी एक परीक्षा केली की निम्मे काम होते. दुकान उभे करून देणाऱ्या माणसाला फोन करण्यापूर्वी ती करावीच. "ईमेल बिघडले" असे मोघम सांगितले तर तो चार दिवस चाचपडत राहील. "वहीत आहे, पत्रात नाही" असे सांगितले तर तो नेमके तेच उघडून पाहील.

वहीत आहे, पत्रात नाही

लहान दुकाने पुष्कळदा वर्डप्रेसवर वूकॉमर्स नावाची जोड बसवून उभी केलेली असतात. ही जोड २०११ पासून फुकट मिळते आणि जगभर वापरली जाते. तिच्यातील खाचाखोचा धरून पुढचे सांगतो. दुसऱ्या बनावटीच्या दुकानात नावे वेगळी असतील, तपासण्याची रीत हीच.

पहिले कारण म्हणजे जुना नमुना. पत्र कसे दिसावे याचा एक साचा असतो, त्याला टेम्प्लेट म्हणतात. दुकान सजविताना कोणी त्या साच्याची नक्कल करून तिच्यात फेरफार करते, गटाचे बोधचिन्ह घालते, रंग बदलते. या खटाटोपात गिऱ्हाइकाचा तपशील आणणारी ओळच खोडली जाते. किंवा असे होते की मूळ जोड दर काही महिन्यांनी सुधारत जाते आणि आपली नक्कल तशीच जुनी राहते. हे ओळखण्याची सोय तिथेच आहे. वूकॉमर्सच्या 'स्टेटस' या पानावर अगदी खाली टेम्प्लेटची यादी असते. सजावटीने बदललेले साचे तिच्यात दिसतात आणि जुना झालेला साचा तसा दाखविलेला असतो. सजावट सुधारून घेणे किंवा जुनी नक्कल काढून मूळ साचा चालू करणे हा त्यावर उपाय. काढण्यापूर्वी तिची एक प्रत ठेवावी.

दुसरे कारण म्हणजे पाठवणीची सेटिंग. पुष्कळ वेळा यात दोष नसतोच. गिऱ्हाइकाने 'स्वतः येऊन घेऊन जाईन' असे निवडले असेल तर पाठवणीचा पत्ता पत्रात छापला जात नाही. दुकानाची पाठवणीची सोयच बंद असली तरीही तो येत नाही. 'बिलाच्या पत्त्यावरच माल पाठवावा' अशी सेटिंग असेल तर बिलाचा एकच पत्ता दिसतो. ही तिसरी सेटिंग असली की मुलीच्या सासरी भेट म्हणून माल पाठवू इच्छिणाऱ्या आईला वेगळा पत्ता देताच येत नाही. आपल्या धंद्याला काय सोयीचे ते ठरवून ती ठेवावी किंवा बदलावी.

तिसरे कारण अलीकडचे आहे. वूकॉमर्समध्ये मागण्यांची वही ठेवण्याची जागाच बदलली. ऑक्टोबर २०२३ पासून नव्या दुकानांत मागण्या वेगळ्या कोठारात साठविल्या जातात. पूर्वी त्या इतर मजकुराबरोबर एकाच कोठारात असत. पत्र सजविणारी एखादी जुनी जोड अजून जुन्याच कोठारात हात घालत असेल तर तिच्या हाताला काही लागत नाही आणि ती कोरी जागा छापते. धान्य नव्या कोठीत भरले आणि सूनबाई जुन्या कणगीत हात घालते, तसा प्रकार. अशा वेळी ती जोड नवी करून घ्यावी. तोवर दोन्ही कोठारे जुळती ठेवण्याचीही सोय सेटिंगमध्ये आहे.

यांपैकी काही लागू पडत नसेल तर जास्तीच्या जोडण्या, ज्यांना प्लगइन म्हणतात, त्या एकेक बंद करून पाहाव्या. एक बंद करावी, चाचणीची मागणी टाकावी, पत्र पाहावे आणि मग पुढची बंद करावी. सगळ्या एकदम बंद केल्या तर दोषी कोण ते कळत नाही. हे काम दिवाळीसारख्या गर्दीच्या दिवसांत करू नये, आणि आधी दुकानाची पूर्ण नक्कल काढून ठेवावी.

वहीतही नाही

येथे अर्ज तपासावा. आपल्याच फोनवर दुकान उघडून गिऱ्हाईक होऊन पाहावे. फोन नंबराची जागा दिसते काय? दिसत असेल तर ती भरणे सक्तीचे आहे, की मर्जीवर सोडले आहे? अर्ज लहान दिसावा म्हणून दुकान बनविणारा पुष्कळदा जागा कमी करतो. शहरात हे चालून जाते. पण पार्सल घेऊन येणारा माणूस गल्लीच्या तोंडाशी उभा राहून फोनच करतो. फोन नसेल तर त्याच्या कागदावर 'गिऱ्हाईक सापडले नाही' असा शेरा पडतो आणि माल परत येतो. म्हणून नाव, घराचा पत्ता, पिन आणि फोन या चार जागा सक्तीच्याच ठेवाव्या. याउलट जन्मतारखेसारख्या नको त्या गोष्टी विचारू नयेत. त्याने गिऱ्हाईक कंटाळते.

तालुका, पोस्ट, जवळची खूण अशा जागा आपण मुद्दाम वाढविलेल्या असतील तर आणखी एक गोष्ट पाहावी. नोव्हेंबर २०२३ पासून वूकॉमर्सच्या नव्या दुकानांत पैसे भरण्याचे पान नव्या घडणीचे येते. जुन्या घडणीसाठी केलेल्या जोडण्या त्यावर चालत नाहीत. त्यामुळे वाढविलेली जागा दिसतच नाही, किंवा दिसली तरी तिचा मजकूर वहीत चढत नाही. नव्या घडणीला चालणारी जोड घ्यावी, नाहीतर पान जुन्या घडणीचे करून घ्यावे.

मागणी जुनी असेल तर आणखी एक शक्यता असते. ठराविक मुदतीनंतर पुऱ्या झालेल्या मागण्यांतून गिऱ्हाइकाचे नावगाव आपोआप पुसून टाकण्याची सेटिंग असते. कोणी ती चालू केली असेल तर जुन्या नोंदी कोऱ्या दिसतील. तो बिघाड नव्हे, पण मुदत आपल्याला परवडेल अशी ठेवावी.

दुरुस्ती होईतो गिऱ्हाइकाचे काय?

यंत्र दुरुस्त होईल तेव्हा होईल, पैसे देऊन बसलेले गिऱ्हाईक ताटकळता कामा नये. त्यासाठी पुढील क्रम ठेवावा.

१. वहीत ईमेल किंवा फोन यांपैकी एक जरी असेल तरी त्याच दिवशी संपर्क करावा. "आपली मागणी मिळाली, पैसे पोहोचले, पत्ता आमच्याकडे अपुरा आला आहे," असे सरळ सांगावे.

२. काहीच नसेल तर ज्या कंपनीमार्फत पैसे जमा झाले तिच्या नोंदीत पाहावे. तिथे बहुधा भरणाऱ्याचा फोन किंवा ईमेल सापडतो.

३. पत्ता तोंडी घेऊ नये. लेखी मागवावा, आणि आलेला पत्ता पिनसह वाचून दाखवून होकार घ्यावा.

४. मिळालेला पत्ता वहीतील त्याच मागणीत भरावा आणि तिथूनच मागणीचे पत्र पुन्हा पाठवावे. म्हणजे नक्कल आणि अस्सल जुळते. पत्ता चिठोऱ्यावर लिहून ठेवला तर तो दळणाच्या पिशवीबरोबर जातो.

५. अंदाजाने माल पाठवू नये. 'मागच्या महिन्यात याच नावाच्या बाईने मागविले होते, तीच असेल,' असा तर्क लढवू नये. पाच-सात दिवस शोध करूनही गिऱ्हाईक सापडले नाही तर ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने परत करावे.

या पाचव्या गोष्टीला काही जण बिचकतात. हातात आलेला पैसा परत कसा करावयाचा? पण पैसे परत मिळालेले गिऱ्हाईक पुन्हा येते, आणि फसलो असे वाटलेले गिऱ्हाईक जाताना दहा जणांना घेऊन जाते.

पेरणीपूर्वी उगवणचाचणी

सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्यापूर्वी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात ते पाहतो. सत्तर उगवले तर बियाणे पेरणीयोग्य. दुकानाचीही अशी चाचणी घ्यावी. महिन्यातून एकदा, आणि दुकानात कोणताही बदल केल्यावर लगेच.

चाचणीसाठी चार मागण्या टाकाव्या. एक आपल्या फोनवरून साधी. एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडून. एक अशी की बिल एकाच्या नावे आणि माल दुसऱ्याच्या पत्त्यावर. आणि एक स्वतः येऊन माल नेण्याची. प्रत्येक मागणी वहीत आणि पत्रात शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहावी. नाव, पत्ता, पिन, फोन, गिऱ्हाइकाची सूचना, अशी पाच घरे कागदावर आखावी आणि खुणा कराव्या. ज्या घरात खूण पडली नाही तिथे दोष. येथे मात्र सत्तर टक्क्यांवर समाधान मानून चालणार नाही, शंभर टक्केच हवेत. हे काम गटातील शाळा शिकलेली कोणतीही मुलगी अर्ध्या तासात करू शकते. त्याला संगणकाची पदवी लागत नाही.

दुसरी सवय म्हणजे पत्रावर विसंबून माल भरू नये. रोज ठरल्या वेळी वही उघडावी, तिच्यावरून पार्सलाच्या चिठ्ठ्या काढाव्या. ईमेल हे दारावरच्या कडीचा आवाज समजावे. कडी वाजली की दार उघडून कोण आले ते पाहतो, आवाजावरून माणूस ओळखत नाही.

दुसऱ्याचा पत्ता ही ठेव आहे

शेवटी एक सावधगिरी. दोष दाखविण्यासाठी मागणीच्या पानाचे चित्र काढून दहा जणांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची रीत पडली आहे. त्यात परक्या बाईचे नाव, घर आणि फोन सगळ्यांना दिसतो. तसे करू नये. मागणीचा नंबर सांगावा किंवा चाचणीची मागणी दाखवावी. गिऱ्हाइकाच्या माहितीच्या रक्षणासाठी देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही झालेला आहे. दुरुस्ती करणाऱ्याला दुकानाची किल्ली म्हणजे पासवर्ड द्यावा लागला तर काम होताच तो बदलावा. कायदा असो वा नसो, विश्वासाने ठेवावयास दिलेली वस्तू आपण चव्हाट्यावर मांडत नाही. पत्ता ही तशीच ठेव आहे.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढेच करा. दुकानाची वही कोणाला उघडता येते ते विचारा. एकालाच येत असेल तर आणखी दोघींना शिकवा. मागील दहा मागण्या काढून नाव, पत्ता, पिन आणि फोन पूर्ण आहेत की नाहीत ते सर्वांसमक्ष पाहा. कोरी जागा आज सापडली तर ती एका फोनने भरेल. सणाच्या गर्दीत सापडली तर पार्सलांचा ढीग समोर राहील, आणि कोणते कोणाचे हे सांगावयास कोणी नसेल.